चार दिवसांत पाच गुण कुठे गेले?

"तीच प्रश्नावली मी दोनदा भरली आणि गुण वेगवेगळे आले, मग खोटी कोण, मी की प्रश्नावली?" हा प्रश्न मला समुपदेशनाच्या खोलीत वारंवार विचारला जातो. बरीच वर्षे मी त्याला "मनःस्थिती बदलते, तसे गुणही बदलतात" असे गुळमुळीत उत्तर देत असे. हे उत्तर चुकीचे नसले तरी अपुरे आहे, हे एका सल्लार्थी बाईंनी मला दाखवून दिले. त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत.

त्या एका रासायनिक प्रयोगशाळेत काम करत होत्या. नमुने तोलणे, नोंदी ठेवणे, तराजूचे कॅलिब्रेशन ठरलेल्या दिवशी करून घेणे हे त्यांचे रोजचे काम होते. पहिल्या भेटीपूर्वी बाहेरच्या खोलीत बसून त्यांनी मानसिक त्रास मोजणारी केसलर यांची दहा प्रश्नांची प्रश्नावली भरली. रोनाल्ड केसलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केलेली आणि 2002 मध्ये प्रसिद्ध झालेली ही प्रश्नावली 'के-10' या नावाने ओळखली जाते. गेल्या चार आठवड्यांत कारण नसताना थकवा किती वेळा आला, घाबरल्यासारखे किती वेळा झाले, प्रत्येक काम किती वेळा जड गेले, अशा प्रश्नांना 'कधीच नाही' ते 'सतत' या पाच पर्यायांतून उत्तर द्यायचे असते, आणि एकूण गुण 10 ते 50 या दरम्यान येतात. त्यांचे गुण 29 आले. "म्हणजे मध्यम स्वरूपाचा त्रास दिसतो," असे मी सांगितले आणि पुढे बोलू लागले. ही माझी चूक कशी ठरली, ते पुढे येईलच.

चार दिवसांनी, सुटीच्या दिवशी, त्यांनी तीच प्रश्नावली घरी मोबाइलवर भरली आणि गुण 24 आले. दुसऱ्या भेटीत त्यांनी दोन्ही आकडे कागदावर एकाखाली एक लिहून माझ्यापुढे ठेवले. "मॅडम, आमच्याकडे एकच वजन तराजूवर दोनदा ठेवलं आणि इतका फरक आला, तर आम्ही तो तराजू बाजूला काढतो. मी पहिल्यांदा वाढवून लिहिलं असेन का?" घरच्यांनी त्यांना "कागदावर खुणा करून कुणी आजारी ठरतं का?" असे सुनावले होते, आणि 24 हा आकडा पाहून घरच्यांचेच खरे असावे असे त्यांना वाटू लागले होते. त्यांना खरी धास्ती होती ती आपण ढोंगी ठरण्याची. प्रश्नावलीचा प्रश्न त्या धास्तीपोटीच आला होता.

मी त्यांना आधी एक साधा हिशेब करायला सांगितला. प्रश्नावली विचारते चार आठवड्यांचे, म्हणजे 28 दिवसांचे. चार दिवसांनी तीच भरली, तर त्या 28 पैकी 24 दिवस दोन्ही वेळा तेच असतात. तेव्हा पाच गुणांचा हा फरक मागच्या महिन्यात घडलेल्या गोष्टींतून आला असण्यापेक्षा त्या आठवण्याच्या आणि मोजण्याच्या रीतीतून आला असण्याची शक्यता जास्त होती. मग आम्ही दोन्ही कागद शेजारी ठेवून एकेक प्रश्न पाहिला. सहा उत्तरे जशीच्या तशी होती. हताश वाटण्याच्या प्रश्नावर एक गुण कमी झाला होता, अस्वस्थतेच्या प्रश्नावर एक, आपण कुचकामी आहोत असे वाटण्याच्या प्रश्नावर एक, आणि 'प्रत्येक काम जड जाते' या प्रश्नावर तब्बल दोन. या शेवटच्या उत्तराचे कारण त्यांनी स्वतःच सांगितले: त्या दिवशी सुटी होती, काम काहीच नव्हते, मग जड काय जाणार? चार आठवड्यांबद्दल विचारलेल्या प्रश्नाला त्यांनी नकळत त्या दिवसापुरते उत्तर दिले होते.

अस्वस्थतेच्या प्रश्नाची गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. मूळ इंग्रजी प्रश्न शरीराच्या चुळबुळीबद्दल, एका जागी न बसवण्याबद्दल आहे. मराठीत 'अस्वस्थ' म्हटले की काहींना ती चुळबुळ आठवते, तर काहींना मनाला लागलेली रुखरुख. पहिल्या वेळी त्यांनी रुखरुख धरून उत्तर दिले होते आणि दुसऱ्या वेळी चुळबुळ धरून. ही गफलत प्रश्नाच्या शब्दातली होती, त्यात त्यांचा काही दोष नव्हता. म्हणून एका भाषेतील प्रश्नावलीची विश्वसनीयता, म्हणजे तिच्या मोजणीवर किती भरवसा ठेवता येतो ते, सिद्ध झाली की तिच्या भाषांतराचीही आपोआप होते, असे मानता येत नाही. भाषांतर पुन्हा मूळ भाषेत आणून पडताळावे लागते, वाचणाऱ्याला त्यातून नेमके काय कळले हे त्याच्याच तोंडून ऐकावे लागते आणि मग त्या भाषेच्या वाचकांवरच चाचणी नव्याने तपासावी लागते. हे काम कंटाळवाणे असते आणि बहुधा तेच टाळले जाते.

यानंतर त्यांनी त्यांच्या पेशाला साजेसा प्रश्न विचारला: या साधनाची त्रुटी किती? खरे तर हा प्रश्न प्रत्येकाने विचारला पाहिजे. प्रश्नावलीच्या माहितीत सहसा एक गुणांक दिलेला असतो आणि तो बहुतेक वेळा ली क्रोनबाक यांनी 1951 मध्ये मांडलेला अल्फा असतो. एकाच बैठकीत दिलेली सगळी उत्तरे एकमेकांशी किती जुळतात, एवढेच अल्फा सांगतो. 'घाबरल्यासारखे झाले का' आणि 'काही केल्या शांत होऊ नये इतके घाबरल्यासारखे झाले का' असे जोडप्रश्न असले की तो वाढतो. तोच प्रश्न चार तऱ्हांनी विचारला तर अल्फा उत्तम येईल, पण त्याने नवे काहीच कळणार नाही. आज आणि चार दिवसांनी भरलेल्या कागदांत किती फरक पडेल, याबद्दल तर तो गप्पच असतो.

ते जाणून घ्यायचे तर त्याच माणसांकडून प्रश्नावली पुन्हा भरून घ्यावी लागते. मध्ये अंतर किती ठेवायचे हा नाजूक प्रश्न आहे. ते फार कमी ठेवले तर माणूस आधीची उत्तरे आठवून लिहितो. फार जास्त ठेवले तर त्रासच खरोखर बदललेला असतो. साधारण दोन आठवड्यांचे अंतर बऱ्याचदा ठेवले जाते. नैराश्यासाठी वापरल्या जाणाऱ्या पीएचक्यू-9 या नऊ प्रश्नांच्या चाचणीत मात्र, 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, 48 तासांच्या आत पुन्हा विचारले होते आणि दोन्ही वेळच्या गुणांतील सहसंबंध, म्हणजे ते एकमेकांशी किती जुळून चढतात-उतरतात याचे माप (पूर्ण जुळले तर एक), 0.84 आला होता. यातही एक मेख आहे: दुसऱ्या वेळी सगळ्यांचेच गुण नेमके चार-चारने उतरले, तरी साधा सहसंबंध पूर्ण एक येतो, कारण तो फक्त माणसांचा क्रम आणि त्यांच्यातील अंतरे पाहतो. पुन्हा भरताना गुण थोडे उतरण्याचा कल लक्षणांच्या प्रश्नावल्यांत आढळतोच. म्हणून तपासणाऱ्याने हे सरसकट उतरणेही पकडणारा अंतर्वर्ग सहसंबंध काढावा आणि मधल्या काळात ज्यांच्या आयुष्यात मोठी घडामोड झाली त्यांची नोंद वेगळी ठेवावी.

बाईंसाठी मी ढोबळ गणित कागदावर मांडले. समजा एखाद्या गटात गुणांचे प्रमाण विचलन, म्हणजे गुण सरासरीभोवती किती विखुरले आहेत याचे माप, 7 आहे आणि विश्वसनीयता 0.9. मग एका मोजणीची प्रमाण त्रुटी, म्हणजे तिच्यात सहज पडू शकणारी चूक, सुमारे 2.2 येते. याचा अर्थ, 29 गुणांच्या भोवती दोन्ही बाजूंना चारेक गुणांचा पट्टा मोकळा ठेवावा लागतो. दोन मोजण्यांची तुलना करायची तर दोन्हींची त्रुटी हिशेबात येते आणि सहाहून अधिक गुणांचा फरक असल्याशिवाय 'बदल झाला' असे भरवशाने म्हणता येत नाही. त्यांचा फरक पाचाचा होता. शिवाय हा 0.9 जर अल्फाच असेल, तर दिवसागणिक होणारी हलचल त्यात धरलेलीच नसते, म्हणजे खरी मर्यादा सहाच्याही वर असू शकते. त्या काही क्षण कागदाकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "मग हे दोन्ही आकडे एकच वाचन आहे." मी इतक्या नेमक्या शब्दांत ते सांगू शकले नसते.

आता माझी चूक. '29 म्हणजे मध्यम' असे मी म्हटले, तेव्हा मी एक विशिष्ट तक्ता वापरत होते. त्यात 20 ते 24 सौम्य, 25 ते 29 मध्यम आणि 30 आणि त्यापुढे तीव्र त्रास मानतात. त्या हिशेबाने बाई चार दिवसांत एक पायरी उतरल्या. पण ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय सांख्यिकी विभागाच्या वर्गवारीत 22 ते 29 हा एकच गट आहे आणि त्याचे नाव आहे 'उच्च'. तेच दोन आकडे एका तक्त्यात दोन पायऱ्यांवर बसतात, तर दुसऱ्यात एकाच गटात राहतात. हे मला ठाऊक होते, तरी घाईत मी पट्टा न सांगता फक्त लेबल दिले, आणि पुढच्या चार दिवसांतली त्यांची निम्मी घालमेल त्या लेबलामुळे झाली.

तरीही अशी चाळणी चाचणी (कुणाला मदतीची गरज असू शकते हे प्राथमिक पातळीवर हेरणारी) कुचकामी आहे असा याचा अर्थ मी घेत नाही. दोन्ही वेळचे गुण एकच गोष्ट सांगत होते: या माणसाशी सविस्तर बोलायला हवे. चाळणीकडून एवढीच अपेक्षा असते. निदान करणे तिचे काम नाही. आणि ती काय विचारत नाही, हेही लक्षात ठेवावे लागते. के-10 मध्ये स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल एकही प्रश्न नाही, म्हणून गुण 12 असोत की 42, तो प्रश्न मी समोरासमोर, स्पष्ट शब्दांत विचारते. त्यांनाही विचारला, तसे विचार त्यांच्या मनात नव्हते. के-10 मध्ये झोपेबद्दलही प्रश्न नाही. ते विचारल्यावर कळले की दोन महिन्यांपासून त्यांना पहाटे तीनला जाग येत होती आणि मग उजाडेपर्यंत त्या छताकडे बघत पडून राहत होत्या. ही गोष्ट 29 मध्येही नव्हती आणि 24 मध्येही नव्हती. हे सांगताना त्यांचा आवाज पहिल्यांदा बदलला, आणि पुढची तीन सत्रे आम्ही त्या पहाटेबद्दलच बोललो.

पुन्हा मोजायचे तेव्हा परिस्थिती सारखी ठेवायची असे आम्ही ठरवले: तीच खोली, कागदावरची तीच प्रत, कामाचाच दिवस आणि मध्ये पूर्ण चार आठवडे, म्हणजे दोन्ही वेळचे दिवस एकमेकांत मिसळणार नाहीत. 'अस्वस्थ'च्या पुढे मी पेन्सिलीने 'एका जागी बसवत नाही' असे लिहून दिले; शास्त्रशुद्ध तपासणीत अशी परवानगी नसते, पण इथे मला त्यांच्याशी बोलायचे होते, प्रबंध लिहायचा नव्हता. त्या वेळी गुण 22 आले. त्यांनी गुणांच्या चौकटीत आपल्या सवयीप्रमाणे '22 ± 4' असे लिहिले, पेन खाली ठेवले आणि म्हणाल्या, "हे राहू दे. काल पहाटे पाचपर्यंत झोप लागली, ते आधी सांगते."