चार एकर सोलरला दिली, आता पीएम किसानचा हप्ता थांबेल का?

प्रश्न: वडिलांच्या नावावर एकाच गटात सात एकर कोरडवाहू. त्यातली चार एकर मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत कंपनीला २५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिली. गावात म्हणतात, आता हप्ता बंद, मागचेही भरावे लागतील. एकाने तर तीन एकर मुलाच्या नावावर करून टाका असं सुचवलं. पीक विमा मात्र सातही एकरांचा भरा म्हणतात. काय करावं?

उत्तर: हप्ता बंद होण्याचं कारण नाही. बाकी दोन्ही सल्ले अंगाशी येतील.

पीएम किसान एकरावर मोजून मिळत नाही. पती, पत्नी आणि अल्पवयीन मुलं हे एक कुटुंब. त्यांच्या नावावर लागवडीयोग्य जमीन असली की वर्षाला ६,००० रुपये, मग ती वीस गुंठे असो की वीस एकर. बिगरशेती वापरातली जमीन मात्र धरली जात नाही. म्हणून पॅनेलखालची चार एकर हिशेबातून गेली, उरलेली तीन पुरेशी आहे. राज्य सरकारचा नमो शेतकरी महासन्मान निधीही पीएम किसानच्या पाठोपाठच येतो. सातही एकर दिली असती तर उत्तर उलटं असतं. तेव्हा पोर्टलवरून लाभ स्वतःहून सोडणं शहाणपणाचं, कारण चुकीची माहिती देऊन घेतलेली रक्कम वसूल होते. करारापूर्वीचे हप्ते जमीन वहितीत असतानाचे आहेत, ते परत मागायला सोलर हे कारण होत नाही.

मुलाच्या नावावर करण्याचा विचार सोडा. १ फेब्रुवारी २०१९ नंतर बक्षीसपत्राने किंवा खरेदीने नावावर आलेल्या जमिनीला हा लाभ मिळत नाही; वारसाने आलेली अपवाद. हप्ता वाचवायला जाल आणि तोच घालवाल.

खरी जोखीम कागदात आहे. एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदणीकृतच हवा, आणि कंपनीचं नाव सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ या सदरातच यायला हवं. ते चुकून कब्जेदार म्हणून लागलं तर वडिलांकडे जमीनच नाही असं दिसेल. फेरफाराची नोटीस आली की वाचा आणि चूक असेल तर मुदतीत तलाठ्याकडे लेखी हरकत द्या. तोंडी सांगून भागत नाही. गट एकच असल्याने भूमी अभिलेखकडून मोजणी करून १ हेक्टर ६२ आर सोलरखाली आणि १ हेक्टर २१ आर वहितीत, असं वेगळं दाखवता आलं तर पडताळणीत वाद उरत नाही. ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाइल अ‍ॅपवरून सातबाऱ्यावर करायची पिकाची नोंद, त्या तीन एकरांची दर हंगामात करा. पिकाचा रकाना कोरा राहिला की चौकशीत तुमची बाजू लंगडी पडते.

विमा पेरलेल्या पिकाचा असतो, सातबाऱ्याचा नव्हे. पॅनेलखालच्या चार एकरांत सोयाबीन दाखवलंत तर ई-पीक पाहणीशी मेळ बसणार नाही, दावा फेटाळला जाईल आणि खोटी माहिती दिल्याचा ठपका वर. पॅनेल उंच खांबांवर असून खाली खरंच पीक घेता येत असेल, तर गोष्ट वेगळी. पण मग करारातच तसा हक्क लिहून घेतलेला हवा. कुंपण घालून पूर्ण ताबा कंपनीला दिला असेल तर तो मुद्दा मांडताच येत नाही.

एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. सोलरचं भाडं हे शेतीचं उत्पन्न नाही, ते करपात्र आहे. एकरी ५०,००० धरले तर चार एकरांचे वर्षाला २ लाख, शिवाय दरवर्षी ३ टक्के वाढ. एवढ्यावर कर लागत नाही, पण दुकान, ठेवींचं व्याज असं काही जोडलं जाऊन वडिलांना प्रत्यक्ष आयकर भरावा लागला, तर पीएम किसानमधून ते बाहेर. नुसतं विवरणपत्र भरल्याने अपात्रता येत नाही. कंपनीने भाड्यातून आधीच कर (टीडीएस) कापला आणि कर देय नसेल, तर विवरणपत्र भरून तो परत मागा.