लेकीचं मत आणि आपली आंब्याची पेटी

प्रश्न : माझी मुलगी न्यू जर्सीला असते, आता तिकडची सिटिझन झाली, पुढच्या निवडणुकीत अध्यक्षासाठी पहिल्यांदाच मत देणार. ती म्हणते, बाबा, मला शाळा, टॅक्स, हॉस्पिटलची बिलं एवढंच कळतं, परराष्ट्र धोरण बघून उमेदवार ठरवायचा का? मी सांगितलं, जो भारताला चांगला त्याला दे. तर जावई हसले. मी स्वतः १९९० साली इराकने कुवेत घेतलं तेव्हा तिथून जॉर्डनच्या अम्मानमार्गे परत आलेलो माणूस, आता कलमं सांभाळतो. माझं काय चुकलं? – एक बागायतदार, देवगड

उत्तर : काका, जावयाचं हसणं मनाला लावून घेऊ नका, पण त्यांचं अर्धं बरोबर आहे. लेकीने तिकडे शपथ घेतलीय, मत तिने तिकडचं बघूनच द्यायचं. आणि "भारताला चांगला" हे ओळखायचं तरी कसं, २०२० च्या फेब्रुवारीत अहमदाबादच्या स्टेडियमवर ट्रम्पसाहेबांचं काय जोरदार स्वागत झालं, आणि २७ ऑगस्ट २०२५ ला त्यांनीच आपल्या बऱ्याच मालावर ५० टक्के टॅरिफ, म्हणजे आयात कर, लावलं, कोळंबीवाले डोक्याला हात लावून बसले. उलट १९९८ ला पोखरणनंतर निर्बंध घातले क्लिंटननी, आणि दोन वर्षांत तेच भारतात पाहुणे म्हणून आले! पक्षावरूनही काही कळत नाही, भारताबरोबरच्या अणुकराराला २००८ मध्ये सिनेटमध्ये, म्हणजे तिकडच्या संसदेच्या वरच्या सभागृहात, ८६ विरुद्ध १३ मतं पडली, म्हणजे दोन्हीकडचे लोक बाजूने होते.

पण म्हणून परराष्ट्र धोरण बघूच नये असं जावई म्हणत असतील तर ते मला पटत नाही. शाळा आणि टॅक्सच्या बाबतीत अध्यक्षाला काँग्रेस अडवते (तिकडची संसद हो, आपला पक्ष नव्हे), बाहेरच्या देशांच्या बाबतीत त्याचा हात बराच मोकळा असतो. तहाला सिनेटचे दोन तृतीयांश लागतात खरे, पण ओबामांनी २०१५ चा इराणबरोबरचा अणुकरार तह म्हणून सिनेटपुढे नेलाच नाही, मग ट्रम्पनी २०१८ ला एका सहीत त्यातून अंग काढून घेतलं, इराणवर परत निर्बंध घातले आणि त्यापायी पुढच्या वर्षी आपल्याला इराणचं तेल घेणं बंद करावं लागलं. युद्ध जाहीर करायचा हक्क काँग्रेसचा, आणि तिने रीतसर जाहीर केलेलं शेवटचं युद्ध १९४२ चं, म्हणजे कोरिया, व्हिएतनाम, इराक सगळं त्याशिवायच झालं.

मग बघायचं काय? भाषणं तर अजिबात नाही. धाकटे बुश २००० च्या प्रचारात सांगत होते की अमेरिकेने जगात नम्रपणे वागावं, दुसऱ्यांचे देश उभारत बसू नये, आणि २००३ ला फौजा इराकात. गंमत म्हणजे १९८९ पासून बंद असलेला आपला आंबा अमेरिकेत परत गेला २००७ ला, ह्याच बुशच्या काळात, तेव्हा पेटीच्या हिशोबाने ते आपले भले आणि बगदादच्या हिशोबाने? त्यापेक्षा तो माणूस वाकड्यात शिरल्यावर काय करतो, कोणाचं ऐकतो, आधी खुर्ची होती तेव्हा काय केलं, निदान मत कुठे दिलं, ते बघावं. हिलरींनी २००२ ला इराक युद्धाच्या ठरावाला मत दिलं होतं, ओबामा तेव्हाच विरोधात बोलले होते, २००८ ला पक्षातल्या पक्षात हिलरींना ते फार जड गेलं.

त्यावरून एक, न्यू जर्सी १९९२ पासून दर वेळी डेमोक्रॅटांकडेच गेलंय, आणि राज्य जिंकेल त्यालाच तिथली सगळी मतं मिळतात, त्यामुळे नोव्हेंबरात तिच्या एका मताने फारसं काही हलत नाही. तिला खरी निवड करायची असेल तर प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या आधीच्या निवडणुकीत, करायला सांगा, परराष्ट्र धोरणावरून एकाच पक्षातली माणसं कुठे वेगळी पडतात ते तिथे दिसतं.

आणि काका, ते अम्मानचं तिला कधी नीट सांगितलंय का हो? वाळवंटातून बॉर्डरपर्यंत कसे पोचलात, विमानाची वाट बघत किती रात्री काढल्यात, घरी आई काय करत होती. उमेदवाराचं नाव नका सांगू, हे सांगा.