अकीक, हकीक, गोमेद की नुसतीच गारगोटी?

प्रश्न ऐरोलीच्या एका ताईंचा आहे. मुलगा अमेरिकेत यूटा राज्यात नोकरीला आहे. सुट्टी मिळाली की मित्रांसोबत वाळवंटात जाऊन 'अ‍ॅगेट' हे पट्टेदार दगड आणि 'जिओड' हे आतून पोकळ दगड गोळा करायचा त्याला नाद. ताईंना त्यावर सोसायटीच्या दिवाळी अंकात लिहायचं आहे. त्या विचारतात, "अ‍ॅगेटला कुणी अकीक म्हणतं, पूजेच्या दुकानात हकीक म्हणतात, मोबाइलवर भाषांतर केलं तर गोमेद येतं. आणि सासूबाई फोटो बघून म्हणाल्या, 'अगं, या तर गारगोट्या!' यातलं खरं कोणतं? आणि जिओडला मराठीत काय म्हणू?"

ताई, सासूबाई बरोबर आहेत, पण त्यांच्याकडे नंतर येतो. आधी गोमेद निकालात काढू.

गोमेद हा नवरत्नांतला, राहूचा म्हणून घालतात तो खडा. ठाण्यात राम मारुती रोडवरच्या कुठल्याही सराफाकडे मागा, तो मधाच्या रंगाचा, आरपार दिसणारा खडा पुढे ठेवेल. खनिजशास्त्रात हा हेसोनाइट, म्हणजे गार्नेटच्या कुळातला. अ‍ॅगेट मात्र निव्वळ सिलिका, क्वार्ट्झचाच अतिसूक्ष्म कणांचा भाऊबंद, आणि त्याची खूण म्हणजे अंगावरचे पट्टे. कठीणपणात दोघं जवळपास सारखे, पण वजनात फरक आहे. गोमेदाचं विशिष्ट गुरुत्व (पाण्याच्या किती पट जड ते) ३.६ च्या आसपास, अ‍ॅगेटचं २.६. काही इंग्रजी-हिंदी कोशांनी अ‍ॅगेटपुढे 'गोमेद' छापलं आणि मोबाइलने ते तसंच उचललं. मराठीत हा घोळ आयात करायचं काही कारण नाही. तुमच्या लेखात गोमेद आला की वाचक विचारणार, मुलाला राहूची महादशा चालू आहे का.

अकीक आणि हकीक हा एकच शब्द. मूळ अरबी, फारसीमार्गे इकडे आला. अरबीत त्याची सुरुवात 'ऐन' या घशातल्या अक्षराने होते. आपल्याकडे त्या अक्षराचा कुणी 'अ' केला, कुणी 'ह'. जांभळी नाक्यावर माळ घेताना खुशाल हकीक म्हणा, लिहिताना अकीक लिहा. 'हकीकत'शी याचा काडीचा संबंध नाही, त्याचा धातू वेगळा.

आणि हा शब्द परका वाटत असेल तर वस्तू मुळीच परकी नाही. गुजरातेत भडोचजवळच्या रतनपूरच्या खाणींतून अकीक निघायचा आणि खंभातला त्याचे मणी व्हायचे. दगड आधी भट्टीत शेकतात, म्हणजे त्यातलं लोह लाल होतं आणि फिकट पिवळट दगडाला रक्तासारखा रंग चढतो. हे तंत्र हडप्पाकाळापासूनचं. लोथलला मणी घडवण्याचा कारखानाच सापडला, आणि सिंधू संस्कृतीच्या धाटणीचे लाल मणी पार मेसोपोटेमियात उर शहराच्या थडग्यांत निघाले. इसवी सनाच्या पहिल्या शतकातलं 'पेरिप्लस' हे ग्रीक बखरवजा पुस्तक तर सांगतं, की या जातीचा दगड पैठणहून गाड्या भरभरून भडोचच्या बंदरात यायचा. म्हणजे आपण जो इंग्रजी शब्द घेऊन बसलोय, त्याचं मूळ सिसिलीतल्या अखातीस नावाच्या नदीत, आणि माल मात्र आपल्या गोदाकाठचा.

लिहिताना एक सांभाळा. अकीक, पण अकिकाचा, अकिकाला. गरीब-गरिबाला, वकील-वकिलाला, तसंच. उपान्त्य दीर्घ ई सामान्यरूपात ऱ्हस्व होते. शरीर-शरीराला असं दीर्घ राहतं ते तत्सम शब्दांत, आणि अकीक काही तत्सम नव्हे. छापील मजकुरातही 'अकीकाचे' सर्रास दिसतं, मला ते खुपतं.

आता सासूबाई. 'गार' म्हणजे आकाशातून पडते ती, आणि 'गार' म्हणजे क्वार्ट्झचा दगडही. दोन्ही पांढुरक्या, अर्धपारदर्शक, तेव्हा एका नावाने ओळखल्या गेल्या यात नवल नाही. (गारपीट टाळण्यासाठी मंत्र घालणाऱ्याला गारपगारी म्हणत. शब्द आता जवळजवळ गेला, गारपीट काही गेली नाही.) गारेची गोटी ती गारगोटी. अकीक हा सिलिकाच, तेव्हा प्रत्येक अकिकाला गारगोटी म्हटलेलं चालतं, उलट चालत नाही. पट्टे असतील तर अकीक, नसतील तर नुसती गारगोटी.

शिवाय 'गारगोटी' या शब्दात जे आहे ते 'अकीक' या शब्दात नाही. अंधाऱ्या खोलीत दोन गारगोट्या एकमेकींवर जोराने घासून पाहा. ठिणगी उडत नाही, दगडाच्या आत, पृष्ठभागाखाली पिवळट-नारिंगी उजेड क्षणभर भरतो आणि विझतो. हात नाकाशी नेला तर जळका वास येतो. कोकणात-देशावर लहानपण गेलेल्या बहुतेकांनी हा उद्योग केलेला असतो. म्हणून 'मुलगा गारगोट्या वेचायला जातो' हे वाक्य वाचताच वाचकाच्या हातात काहीतरी येतं. 'अ‍ॅगेट संकलनाचा छंद जोपासतो' म्हटलं की सरकारी पत्रक समोर येतं. आणि क्रियापद 'वेचणे'च ठेवा. फुलं वेचतात, शेंगा वेचतात, तसंच खाली वाकून, नजर जमिनीवर ठेवून. 'खडे' शब्द मात्र टाळा. मराठीत खडे तांदळातून निवडतात, नाहीतर कुणाच्यातरी नावाने फोडतात.

जिओड हा खरा पेचाचा. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ 'मातीसारखा' एवढाच, म्हणजे बाहेरून मातीचा गोळा दिसणारा. आत पोकळी आणि पोकळीच्या भिंतींवर स्फटिक. तुमचा मुलगा जातो तो प्रदेश बहुधा डगवेचा असावा, यूटात जिओडसाठी तोच नावाजलेला. तिथे ६० ते ८० लाख वर्षांपूर्वीच्या रायोलाइट लाव्हात वायूच्या पोकळ्या राहिल्या, त्यांत पाण्याबरोबर सिलिका उतरली. पुढे हिमयुगात बॉनव्हिल नावाचं प्रचंड सरोवर झालं. त्याच्या लाटांनी खडक झिजवला आणि हे गोळे सुटून काही मैलांवर तळाच्या चिकणमातीत जाऊन बसले. सरोवर आटलं, गोळे राहिले. अशा दगडाला 'पोकळ गारगोटी' म्हणा, शंभर टक्के बसतं. एकदा 'जिओड' लिहून पुढे पोकळ गारगोटी चालवा. 'स्फटिकगर्भ', 'भूगर्भगोल' असले शब्द घडवू नका. ते फक्त शब्दकोशात राहतात, तिथेही भाड्याने.

एक अडचण आहे. हा शब्द आपल्या ठाणे-ऐरोलीकडच्या दगडांना लागू पडत नाही. पारसिकचा डोंगर, तुर्भे-पावण्याच्या जुन्या दगडखाणी, हा सगळा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा बेसाल्ट. त्यातही बुडबुड्यांच्या पोकळ्या आहेत, पण त्या गारेपेक्षा झिओलाइट जातीच्या खनिजांनी जास्त भरल्यात. त्यांच्याच सोबतीने कांदिवली-मालाडच्या खाणींत सापडायचा तो ओकेनाइट तर कापसाच्या बोंडासारखा. पोकळी फुटली की आत पांढरे, केसाळ गोंडे. बोट लावलं की केस दबतात आणि दबलेले राहतात. त्याला गारगोटी कशी म्हणणार? गंमत अशी, की सिन्नरच्या प्रसिद्ध खनिज संग्रहालयाचं नाव 'गारगोटी'च आहे आणि तिथलं वैभव मुख्यत्वे झिओलाइटांचं आहे. नाव शास्त्राला धरून नाही, पण मराठीला धरून आहे, असं माझं मत. तुमच्या लेखात पारसिकचा उल्लेख येणार असेल तर तिथे 'पोटात स्फटिक असलेला दगड' असं सरळ म्हणून मोकळ्या व्हा.

तुम्ही विचारलं नाहीत तरी 'वाळवंट' शब्दाबद्दल सांगतोच. मराठीत वाळवंट आधी नदीकाठचं. चंद्रभागेच्या वाळवंटात कीर्तन होतं. मरुभूमी हा अर्थ त्यावर नंतर चढला, पण वाळू काही सुटली नाही. त्यामुळे 'वाळवंटात गारगोट्या वेचतो' वाचून लोकांना वाळूचे डोंगर आणि उंट दिसणार. डगवेला जिओड निघतात तिथे उंट सोडा, वाळूचे ढीगही नाहीत. उजाड माळ, चिकणमाती, झुडपं विरळ. अशा कोरड्या मुलखात वारा बारीक माती उडवून नेतो आणि गोटे वर उघडे पडतात. गवत नाही, म्हणून दिसतातही. तेव्हा 'ओसाड माळरानावर' लिहा, किंवा पहिल्यांदा वाळवंट लिहून लगेच जमीन कशी आहे ते सांगा.

शेवटी, तुमच्या कच्च्या मसुद्यात 'पैलू पाडलेला अकीक' आहे, तो बदला. पैलू पाडतात हिऱ्याला, गोमेदाला, ज्यातून प्रकाश खेळवायचा त्याला. अकीक कापतात आणि घोटतात. पूर्वी हातकागद घोटून गुळगुळीत करायला अकिकाचा गोटा वापरत, त्यावरून तो कागद घोटीव. मुलाने चकती कापून मशिनवर चकाकी आणली असेल तर 'घोटलेला अकीक' लिहा, आणि फोडलेल्या पोकळ गारगोटीला 'घोटलेली' म्हणू नका, तिची फक्त कड घोटतात.