'पॅरालिंपिक'मध्ये पाय कुठे आहेत?

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका ताईंनी विचारलंय : "मुलगा हिंदी माध्यमात शिकतो. पेपरात 'पैरालंपिक' वाचून म्हणाला, 'आई, यात पैर आहे, म्हणजे पायांनी अधू असलेल्यांचं ऑलिंपिक.' हे खरं का? आणि मंडळाच्या अंकात 'दिव्यांग ऑलिंपिक' छापलं तर चालेल?"

'पैर'शी या शब्दाचा संबंध नाही. आपण 'पॅ' लिहितो तिथे हिंदी 'पै' लिहिते, एवढंच. पण मुलाचा अंदाज मला फार आवडला, कारण सुरुवात खरोखर त्याच्या जवळपासची आहे. 29 जुलै 1948, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाचा दिवस. स्टोक मँडेव्हिलच्या रुग्णालयात डॉ. लुडविग गुटमन यांनी मणक्याला इजा झालेल्या 16 जणांची धनुर्विद्येची स्पर्धा घेतली. कमरेखालच्या लुळेपणाला वैद्यकात पॅराप्लेजिया म्हणतात. त्यातला 'पॅरा' ऑलिंपिकला जोडला गेला. पुढे 1976 साली टोरांटोला अवयव गमावलेले आणि दृष्टिहीन खेळाडूही उतरले, आणि तो अर्थ तोकडा पडला. आता हा 'पॅरा' ग्रीक मानतात : शेजारी, बरोबरीने. आपल्या 'पराभव', 'पराक्रम' यांतल्या 'परा'शी त्याची गल्लत करू नये.

ही बरोबरी कारभारातही आहे, म्हणूनच 'दिव्यांग ऑलिंपिक' मला पटत नाही. त्या नावाने ही ऑलिंपिकची एखादी शाखा वाटते. प्रत्यक्षात 1989 साली स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय पॅरालिंपिक समिती वेगळी, तिचं कार्यालय जर्मनीत बॉनला. ऑलिंपिक समितीशी तिचा 2001 साली करार झाला, आणि ऑलिंपिक भरवणाऱ्या शहराने पॅरालिंपिकही भरवायचं हे पक्कं झालं. भारतातही दोन्ही समित्या वेगवेगळ्या आहेत. शिवाय 'दिव्यांग' म्हटलं की सगळेच आले, पण कर्णबधिरांची डेफलिंपिक्स स्वतंत्र आहेत, तीही 1924 पासून, म्हणजे गुटमन यांच्याही आधीची.

खेळाचे नियम मात्र बरेचदा त्या त्या खेळाच्या महासंघाकडे असतात. आपल्या ग्वाल्हेरच्या प्राची यादवचंच घ्या. टोकियो पॅरालिंपिकमध्ये ती पॅरा कनूइंगच्या, म्हणजे वल्ह्याच्या होडीच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत पोहोचली. तिच्या नावापुढे 'व्हीएल 2' दिसतं. हा वर्ग आंतरराष्ट्रीय कनू महासंघाचा. 'व्ही' म्हणजे 'वा', पॅसिफिकच्या बेटांवरची, बाजूला आधाराचा तरंगता दांडा असलेली होडी. 'एल' म्हणजे पातळी, आणि आकडा जितका लहान तितकी शरीराची मर्यादा जास्त. हा आकडा क्रमांक समजून 'दुसरी आली' असं छापलेलं मी पाहिलंय, तेवढं अंकात सांभाळा.

तर स्पर्धेला 'पॅरालिंपिक' आणि खेळाडूला 'पॅरा खेळाडू' लिहा. मैदानावर ही मुलंमुली स्वतःला हेच म्हणतात. 'दिव्यांग' हा शब्द सरकारी योजनेबद्दल लिहाल तिथे ठेवा.