कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजात सायन्स घेऊन दोन वर्षांत यूसीला (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाला) जाता येतं का?

जाता येतं. पण तुम्ही शेवटी जोडलंय ना, "मुलगी बारावी सायन्स करून एच-४ वर (एच-१बीवाल्यांच्या कुटुंबीयांच्या व्हिसावर) आलीय, ओळखीचे म्हणतात तिथली लॅब नावालाच असते", आधी तेच घेतो. गेट-टुगेदरमध्ये हे ऐकून कान किटलेत.

केमिस्ट्री १ए, म्हणजे जनरल केमिस्ट्रीचा पहिला कोर्स, त्यातलं साधं टायट्रेशन घ्या. सोडियम हायड्रॉक्साइड हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढतो, त्यामुळे बाटलीवरच्या मोलॅरिटीवर विसंबायचं नाही. केएचपी हे घन आम्ल वजन करून आधी तो स्टँडर्डाइज करायचा, म्हणजे त्याची खरी मोलॅरिटी काढायची. ब्यूरेट त्याच द्रावणाने विसळायचं, तोटीतला बुडबुडा काढायचा. तो मध्येच सुटला तर तेवढं रीडिंग फुकट वाढतं. फिनॉल्फ्थॅलिनचा गुलाबी अगदी फिका, साधारण ३० सेकंद टिकणारा हवा. राणी रंग आला की ते रीडिंग बाद. आणि वहीत २३.४ नाही, २३.४० मिली. खुणा ०.१ च्या असतात, पुढचा अंक अंदाजाने घ्यायचाच असतो. आपली मुलं नेमकी इथे मार्क घालवतात, कारण जर्नलमध्ये कॉन्स्टंट ब्यूरेट रीडिंग 'जुळवायची' सवय. इथे तिन्ही आकडे हुबेहूब आले की उलट संशय येतो. शिवाय यूसीत पहिल्या वर्षाची लॅब बहुतेकदा पीएचडी करणारी मुलं घेतात, कम्युनिटी कॉलेजात प्राध्यापक स्वतः उभे असतात. नावालाच म्हणे!

आता दोन वर्षांचं. सगळं केमिस्ट्रीच्या साखळीवर अडतं: १ए, मग १बी, मगच ऑरगॅनिक. पहिल्या फॉलला (पहिल्याच सत्रात) १ए मिळालं नाही तर ऑरगॅनिक सरकतं आणि तिसरं वर्ष लागतं. म्हणून बारावीची मार्कशीट रजिस्ट्रेशनच्या आधीच काउन्सेलरला देऊन १ए आणि कॅल्क्युलसची प्रीरिक्विझिट (आधी झालेला असावा लागणारा कोर्स) क्लिअर करून घ्या. वेटलिस्टवर असलात तरी पहिल्या लॅबला हजर राहा. न आलेल्यांच्या जागा तिथेच वाटल्या जातात. फिजिक्स कॅल्क्युलसवालं की बिनकॅल्क्युलसचं, हे मेजर (मुख्य विषय) आणि कॅम्पसनुसार 'असिस्ट'च्या साइटवर बघा, कुठला कोर्स यूसीत कशासाठी धरतात ते तिथे असतं, शेजाऱ्याला विचारू नका.

एक सिरीज, म्हणजे १ए-१बी सारखी कोर्सची साखळी, एकाच कॉलेजात संपवा. ओलोनी सेमिस्टरचं, डी अँझा आणि फुटहिल क्वार्टरची. क्वार्टरवाले तीन भागांत शिकवतात ते सेमिस्टरवाले दोन भागांत, त्यामुळे अर्धं इकडे अर्धं तिकडे केलं की मधला धडा गळतो आणि यूसी सिरीज अपुरी धरते.

टॅग, म्हणजे अटी पूर्ण केल्यास यूसीत ट्रान्सफर प्रवेशाची हमी, सहा कॅम्पसनाच आहे. बर्कली, यूसीएलए, सॅन डिएगो त्यात नाहीत, आणि काही मेजरही वगळलेले असतात. टॅगचा अर्ज सप्टेंबरमध्येच करायचा. कम्युनिटी कॉलेजची फी कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांना सेमिस्टरच्या एका युनिटला ४६ डॉलर. एच-४ वाल्यांनाही रहिवासी ठरता येतं, पण त्याआधी वर्षभराहून जास्त वास्तव्य दाखवावं लागतं. मुलगी २१ ची झाली की एच-४ संपतो, ते गणित आजच वकिलाकडे मांडा.

हो, आणि मेडिकलचा विचार असेल तर: काही मेडिकल स्कूल्स कम्युनिटी कॉलेजातल्या प्रीरिक्विझिट्सना नाक मुरडतात. बायोकेमिस्ट्री यूसीत गेल्यावरच घ्या.