काजूच्या रसापासून फेणी सहज होते, मग सिन्गॅसपासून इथेनॉल काढणं इतकं अवघड का? उत्प्रेरकासाठी कोणता धातू घ्यावा?

तुम्ही एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी विचारलंय. मीही गोव्यातच, एका प्रयोगशाळेत, याच कामावर आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

फेणीचं उदाहरण दिलंत ते बरं झालं, खरी अडचण तिथेच कळते. बोंडाच्या रसातल्या साखरेत सहा कार्बन आधीच एकमेकांना जोडलेले असतात. यीस्टला ती साखळी फक्त तोडायची असते. सिन्गॅस म्हणजे कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन. त्यातला प्रत्येक कार्बन सुटा. आपल्याला दोन कार्बन जोडायचे असतात आणि बरोबर दोनावर थांबायचं असतं.

मिथेनॉलला ही जोडणी लागतच नाही, म्हणून ते कधीच कारखान्यात पोचलं. १९२३ साली बीएएसएफ या जर्मन कंपनीने जस्त आणि क्रोमियमच्या ऑक्साइडवर ते काढलं, पण दाब ३०० बारच्या आसपास लागायचा. १९६०च्या दशकात आयसीआय या ब्रिटिश कंपनीने तांबं, झिंक ऑक्साइड आणि अ‍ॅल्युमिना वापरून तो ५० ते १०० बारवर आणला.

इथेनॉलसाठी मात्र उत्प्रेरकाला दोन उलट कामं शेजारी शेजारी करावी लागतात. कार्बन मोनॉक्साइडच्या एका रेणूतला बंध तोडून त्या कार्बनला हायड्रोजन लावायचा, आणि दुसरा रेणू न तोडता अख्खा त्याला जोडायचा. तोडणं वाढलं की मिथेन आणि मेणासारखी हायड्रोकार्बनं मिळतात, कमी पडलं की नुसतं मिथेनॉल. ऱ्होडियम दोन्ही कामं करतो, मँगनीजची जोड दिली तर आणखी चांगली. पण त्याच्या किमतीत इंधन परवडायचं नाही. पोटॅशियम लावलेलं मॉलिब्डेनम सल्फाइडही अल्कोहोल देतं, आणि तांब्याला मारणारं गंधक त्याला चालतं. काजूच्या टरफलांचा किंवा लाकूडफाट्याचा वायू वापरायचा मनात असेल तर हे लक्षात ठेवा, त्यात गंधक येऊ शकतं. शिकण्यासाठी मी तांबं-कोबाल्टच सुचवेन. कोबाल्ट तोडतो, तांबं राखतं. दोघांचे अणू एकमेकांना खेटून बसले पाहिजेत, आणि ते साधणं हेच सगळं काम.

ते साधतं बीकरमध्ये. तांबं आणि कोबाल्ट यांच्या नायट्रेटांचं द्रावण आणि सोडियम कार्बोनेट एकाच वेळी थेंबथेंब सोडायचं, सामू (pH) सातच्या आसपास धरून ठेवायचा, मग खाली बसणारा साका गरम द्रावणातच मुरू द्यायचा. घाई करू नका. नंतर सोडियम जाईपर्यंत धुवायचा. तो राहिला तर निकाल बिघडतो. आपल्याकडे जूनपासून आणखी एक त्रास: ही नायट्रेटं हवेतलं पाणी ओढतात, बाटली उघडली की कडेचे खडे ओले दिसायला लागतात. वजनावर भरवसा ठेवू नका. एकदाच द्रावण करून ठेवा आणि त्यातला धातू टायट्रेशनने मोजा.

आता माझे चार महिने कशात गेले ते सांगते, तुमचे वाचावेत म्हणून. माझ्या उत्प्रेरकावर मिथेन रोज थोडं थोडं वाढत होतं. मी कोबाल्टचं प्रमाण बदललं, तापमान उतरवलं, काही फरक नाही. शेवटी रिअ‍ॅक्टरची नळी रिकामी केली तेव्हा वायू शिरतो त्या टोकाच्या क्वार्ट्झ वुलवर (क्वार्ट्झच्या तंतूंच्या बोळ्यावर) गंजासारखा तपकिरी डाग होता. तपासलं तर लोह. मी लोह कुठेच वापरलं नव्हतं. दाबाखालचा कार्बन मोनॉक्साइड पोलादी सिलिंडरातल्या लोहाशी जुळून आयर्न कार्बोनिल होतो, वायूबरोबर वाहत येतो आणि गरम उत्प्रेरकावर लोह सोडतो. लोह मग स्वतःच हायड्रोकार्बनं बनवायला लागतं. सिलिंडरनंतर अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बनची एक नळी बसवली आणि वाढ थांबली. अ‍ॅल्युमिनियमचा सिलिंडर मिळाला तर उत्तमच.

पहिला सिलिंडर मागवाल त्याच दिवशी कार्बन मोनॉक्साइडचा डिटेक्टरही मागवा. या वायूला वास नसतो. डिटेक्टर सुरू असल्याशिवाय व्हॉल्व्हला हात लावू नका, आणि रात्री एकट्याने रिअ‍ॅक्टर चालवू नका.