पीडीओ लावल्यावर मराठी नावं बिघडली: डेटा कसा वाचवायचा?

घाबरू नका, डेटा बहुतेक शाबूत असणार. तुम्ही वडोदऱ्यात दांडिया बाजारच्या ग्रंथालयाचं जुनं सॉफ्टवेअर पीएचपी (वेबसाठीची प्रोग्रामिंग भाषा) ७ वर नेलंत, तेव्हा ड्रायव्हर, म्हणजे डेटाबेसशी जोडणारा भाग, बदलणं भागच होतं. मायएसक्यूएल डेटाबेससाठीचं जुनं एक्स्टेंशन पीएचपी ७ मधून काढून टाकलंय. पीडीओ हा नवा ड्रायव्हर लावल्यावर नावं बिघडली, कारण जुनं कनेक्शन लॅटिन१ (पाश्चात्त्य अक्षरांचा संच) होतं. यूटीएफ-८ (सगळ्या लिप्या चालणारी पद्धत) चे बाइट तसेच लॅटिन१ कॉलममध्ये साठत गेले आणि तसेच परत येत राहिले. नवा ड्रायव्हर त्यांचं रूपांतर करतो.

आधी हेक्स() (साठवलेले बाइट दाखवणारं फंक्शन) लावून एक मराठी आणि एक गुजराती नाव बघा. मराठी ई०ए४ किंवा ई०ए५ नं, गुजराती ई०एए किंवा ई०एबी नं सुरू झालं तर बाइट ठीक आहेत. सी३ए० दिसलं तर दुहेरी एन्कोडिंग झालंय, म्हणजे बाइटांचं दोनदा रूपांतर झालंय, त्याचा उपाय वेगळा.

बाइट ठीक असतील तर बॅकअप घ्या आणि प्रतीवर काम करा. टेबलाचा अक्षरसंच बदलणारी 'कन्व्हर्ट टू' आज्ञा थेट अजिबात चालवू नका, त्यानंच दुहेरी एन्कोडिंग होतं. कॉलम आधी व्हारबायनरी (नुसते बाइट ठेवणारा प्रकार) करा, मग यूटीएफ८एमबी४ (मायएसक्यूएलमधलं पूर्ण यूटीएफ-८) चा व्हारचार (मजकुराचा प्रकार). पीडीओच्या डीएसएनमध्येही (जोडणीचा तपशील देणाऱ्या ओळीत) चारसेट, म्हणजे अक्षरसंच, यूटीएफ८एमबी४ हाच द्या.

एक अडचण येईलच. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रासुद्धा, ३ बाइट घेतं. म्हणजे लॅटिन१ च्या १०० बाइटच्या कॉलममध्ये जेमतेम ३३ चिन्हं मावली. लांब नावं तेव्हाच तुटलीत. अशा ओळींवर रूपांतर अडू शकतं. त्या शोधून नावं दाखलनोंदवहीतून पुन्हा भरा.